ओल्याचं कोरडं: टाइलच्या कारखान्यातली उष्णता आणि पाणी



ज्या प्राध्यापकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दर वर्षी होतं, ते तंत्रनिकेतनात भट्ट्या शिकवायचे. त्यांच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास असायचा: भट्टीत घातलेली उष्णता कुठे गेली ते सांगा. उत्तरात नुसतं ‘वाया गेली’ असं लिहिलं की शून्य गुण. कुठल्या वाटेनं गेली, किती अंशाला गेली, कशाबरोबर गेली, हे लिहायचं. आजचं व्याख्यान मी त्याच प्रश्नावर बेतलं आहे. फक्त उष्णतेच्या जोडीला पाणी घेतलं आहे. टाइलच्या कारखान्यात या दोघांची खाती वेगळी ठेवली की हिशेब हटकून चुकतो, हे मला आज सांगायचं आहे.

विषय सौराष्ट्रातल्या मोरबीचा आहे. आपल्यापैकी ज्यांनी गेल्या वीस वर्षांत घर बांधलं किंवा न्हाणीघर नव्यानं करून घेतलं, त्यांच्या घरात मोरबीची टाइल असण्याची शक्यता दाट आहे. देशातल्या सिरॅमिक टाइलपैकी जवळपास ९० टक्के या एका गावाच्या भोवती तयार होतात. आठशे ते हजार कारखाने, बहुतेक राष्ट्रीय महामार्गाच्या आणि त्याला फुटणाऱ्या रस्त्यांच्या कडेनं. चीनच्या पाठोपाठ जगात दुसरा क्रमांक भारताचा लागतो, तो या पट्ट्याच्या जोरावर. सौराष्ट्राच्या या मातीकामात एक मराठी धागाही आहे. थानगढला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॉटरीचा कारखाना उभा केला तो परशुराम गणपुले यांनी. ‘परशुराम पॉटरी’ हे नाव त्या भागात जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. मोरबीत पुढे कौलं आली, मग भिंतीवरची घड्याळं आली, आणि मग टाइल आली.

गाव मच्छू नदीवरचं. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू-२ धरण फुटलं आणि मोरबी वाहून गेली, ही गोष्ट आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. आज त्याच पुन्हा बांधलेल्या धरणात सौनी योजनेतून नर्मदेचं पाणी आणून सोडतात. म्हणजे ज्या पाण्याविषयी मी बोलणार आहे, ते कित्येक कोस लांबून पंपानं चढवून आणलेलं पाणी आहे. जमिनीतलं आहे ते जड आणि खारं. हे जडपण पुढे कामाला येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता टाइल कशी होते ते पाहू. माती, फेल्डस्पार आणि गारगोटी मोठ्या पिंपासारख्या बॉल मिलमध्ये पाण्याबरोबर घालतात आणि कित्येक तास दळतात. त्यातून दाट दुधासारखं जे निघतं त्याला सगळे ‘स्लिप’ म्हणतात. त्यात साधारण ३५ टक्के पाणी असतं. ही स्लिप पंपानं उंच पोलादी मनोऱ्यात फवारतात. आत पाचशे-सहाशे अंशांची हवा असते. थेंब खाली पडेपर्यंत वाळतो आणि तळाशी बारीक दाणेदार पावडर जमा होते, तिच्यात सहा टक्क्यांच्या आसपास ओल उरते. हा स्प्रे ड्रायर. मग पावडर प्रेसमध्ये दाबून टाइलचा आकार द्यायचा, ड्रायरमध्ये उरलीसुरली ओल काढायची, ग्लेझ द्यायची, छपाई करायची, आणि रोलरवरून भट्टीत सोडायची. भट्टी शंभर ते अडीचशे मीटर लांब. टाइल एका टोकानं आत जाते आणि तासाभरात दुसऱ्या टोकानं बाहेर येते. भिंतीच्या टाइलला अकराशे-साडेअकराशे अंश, विट्रिफाइडला बाराशेच्या आसपास.

कोणालाही पडेल असा प्रश्न आहे: कोरडी माती आणायची, ती पाण्यात कालवायची, आणि मग तेच पाणी इंधन जाळून उडवायचं, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कारण असं की ओलं दळण बारीक होतं आणि चार खाणींची माती त्यात एकजीव होते. आणि फवाऱ्यातून वाळलेला दाणा गोल, आतून पोकळ असतो. तो प्रेसच्या साच्यात सारखा ओघळतो. साच्यात पावडर कुठे जास्त, कुठे कमी पडली तर भाजताना टाइल वाकते. म्हणून हा वळसा घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत पाण्यात आणि कोळशात मोजावी लागते.

किती, ते आपण इथेच मांडू. एक टन पावडर हवी. तिच्यात ९४० किलो कोरडा माल आणि ६० किलो ओल. तोच ९४० किलो माल ६५ टक्के घन माल असलेल्या स्लिपमध्ये आणायचा तर स्लिप लागते १४४६ किलो. फरक ४४६ किलोचा. एवढं पाणी टनामागे हवेत जातं. रोज १० हजार चौरस मीटर टाइल करणारा कारखाना घ्या. मोरबीत याला काही फार मोठा म्हणत नाहीत. चौरस मीटरला २० किलो धरले तर दिवसाला २०० टन. म्हणजे रोज जवळजवळ ९० हजार लिटर पाणी धुराड्यातून वर जातं. मराठवाड्यातल्या माणसाला समजेल अशा भाषेत, दहा हजार लिटरचे नऊ टँकर. आणि पाणी फुकट उडत नाही. लिटरमागे सुमारे अडीच हजार किलोज्यूल उष्णता ते आपल्याबरोबर घेऊन जातं. टाइलच्या कारखान्याला लागणाऱ्या एकूण उष्णतेत स्प्रे ड्रायरचा वाटा एक तृतीयांशाहून थोडा जास्त, भट्टीचा निम्म्याहून थोडा जास्त, आणि उरलेला प्रेसनंतरच्या सुकवणीचा, अशी विभागणी स्पेनमधल्या अभ्यासांत दिली आहे. आपल्याकडे आकडे थोडे सरकतील. क्रम बदलणार नाही.

उष्णता परत मिळवायची म्हटलं की सगळ्यांची नजर धुराड्याकडे जाते. यंत्र लावा, हीट एक्स्चेंजर लावा. माझी नजर आधी बॉल मिलशेजारच्या त्या कळकट टेबलाकडे जाते, जिथे एक स्टीलचं लिटरचं भांडं आणि एक वजनकाटा ठेवलेला असतो. दळणारा माणूस भांडं स्लिपनं काठोकाठ भरतो, कडेवरून पट्टी फिरवून वरचं काढतो, वजन करतो आणि वहीत लिहितो. याला ते ‘लिटर वेट’ म्हणतात. मग तीच स्लिप तळाला भोक असलेल्या पेल्यात ओततो आणि ती किती सेकंदांत गळून जाते ते घड्याळावर पाहतो. ३५ टक्के पाणी असलेल्या स्लिपच्या लिटरचं वजन १६६० ग्रॅमच्या आसपास भरतं. पाणी ३२ टक्क्यांवर आणलं तर १७२० भरतं. फरक साठ ग्रॅमचा. पण टन पावडरमागे उडवायचं पाणी ४४६ वरून ३८२ किलोवर येतं, म्हणजे १४ टक्के कमी. त्या दोनशे टनांच्या कारखान्यात रोज पावणेतेरा हजार लिटर पाणी वाचलं, आणि ते उडवण्याचा कोळसाही वाचला. धुराड्यावर काहीही न बसवता.

मग हे सगळे का करत नाहीत? दाट स्लिप वाहत नाही. चाळणीतून उतरत नाही, नळीत थांबते, फवाऱ्याची तोंडं बुजतात. तिला पातळ ठेवायला सोडियम सिलिकेट, सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट अशी द्रव्यं घालतात. ती मातीच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात, त्यामुळे कमी पाण्यातही स्लिप वाहती राहते. पण प्रमाण जास्त झालं की उलटं होतं, स्लिप पुन्हा घट्ट होते. आणि पाणी जड असलं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं, की ते या द्रव्यांना आधीच खाऊन टाकतात. मी मघाशी म्हटलं ते जडपण हेच. बोअरचं जड पाणी वापरणारा कारखाना नकळत जास्त पाणी वापरतो आणि तेवढं पाणी उडवायला जास्त कोळसा जाळतो. त्यात रात्रपाळीच्या माणसाला जाब विचारतात तो किती मिल रिकाम्या केल्या याचा. स्लिप उतरेना की तो पाइप सोडतो, दोन मिनिटं पाणी घालतो, काम होऊन जातं. त्या दोन मिनिटांचा खर्च पडतो स्प्रे ड्रायरच्या खात्यात, आणि ते खातं दुसऱ्या माणसाचं आहे. माझ्या मते मोरबीतली सगळ्यात स्वस्त उष्णता-बचत म्हणजे या दोन माणसांना एकाच वहीत आणणं.

आता भट्टीकडे येऊ. भट्टीतली उष्णता परत वापरायची कल्पना आजची नाही. १८५८ मध्ये फ्रीडरिश हॉफमान या जर्मन माणसानं गोल, सतत पेटती राहणारी विटांची भट्टी काढली. तिच्यात जळण्यासाठी लागणारी हवा आधी भाजून झालेल्या, निवत असलेल्या विटांमधून फिरून यायची आणि येताना तापायची. जळून झालेला धूर अजून न भाजलेल्या विटांमधून जायचा आणि जाता जाता त्यांना तापवायचा. आग विटांच्या रांगेतून पुढे सरकायची, विटा जागच्या जागी. आपल्या गावाबाहेरची ती उंच धुराड्याची विटभट्टी, तीही याच घराण्यातली.

मोरबीची रोलर भट्टी हॉफमानच्या उलट आहे: इथे आग जागच्या जागी आणि माल पुढे सरकतो. तत्त्व तेच, पण एक अडचण नवी. तिला धुराडी दोन. एक आत जाण्याच्या टोकाला, तिथून जळलेला वायू बाहेर पडतो. दुसरं बाहेर येण्याच्या टोकाकडे, तिथून टाइल थंड करताना तापलेली हवा बाहेर पडते. भट्टीत घातलेल्या उष्णतेपैकी निम्म्याहून जास्त या दोन वाटांनी निघून जाते. खुद्द मातीतल्या रासायनिक बदलांना जी लागते ती त्यामानानं किरकोळ.

या दोन धुराड्यांची प्रकृती वेगळी आहे. पहिल्यातल्या वायूत पाण्याची वाफ, गंधकाची ऑक्साइडं आणि मातीतून सुटलेला फ्लोरिन असतो. हा वायू फार थंड करता येत नाही. एका मर्यादेखाली आला की नळ्यांवर आम्ल साचतं आणि पोलाद सडतं. इटलीत सास्सुओलोच्या टाइल पट्ट्यात हा फ्लोरिन चुन्याची भुकटी मिसळून पिशव्यांच्या गाळण्यांत धरतात. दुसऱ्या धुराड्यातली हवा मात्र स्वच्छ. ती फक्त गरम टाइलवरून गेलेली असते. तिच्यात जळलेलं काहीच नसतं. तापमान १२० ते अडीचशे अंश. ही हवा सरळ प्रेसनंतरच्या ड्रायरमध्ये नेता येते, कारण तिथे हवीच असते दीडशे-दोनशे अंशांची. मोरबीत हे बऱ्याच ठिकाणी केलं आहे आणि ते चालतं. पण नळ लांब असला, वर लोकरीचं अस्तर फाटलेलं असलं, सांध्यातून हवा गळत असली, तर भट्टीशी दोनशे अंश असलेली हवा ड्रायरशी शंभरावर पोचते आणि मग ड्रायरचा बर्नर पुन्हा पेटवावा लागतो. कागदावर उष्णता परत मिळालेली असते.

इथे थोडं थांबून एक मूळ मुद्दा सांगतो. बादलीभर कोमट पाण्यात कपभर उकळत्या चहापेक्षा कितीतरी जास्त उष्णता असते. पण त्या बादलीत कप बुडवून चहा काही उकळणार नाही. उष्णता किती आहे हा एक प्रश्न, किती अंशाला आहे हा दुसरा, आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्यानं १८२४ मध्ये आपल्या पुस्तकात या विचाराचा पाया घातला. कारखान्याच्या खर्चाच्या तक्त्यात तो अजून पुरता उतरलेला नाही. ऊर्जा-अहवालांत ‘एवढे किलोकॅलरी वाया’ असं एकाच ओळीत लिहितात. सहाशे अंशाचे किती आणि साठ अंशाचे किती, हे लिहिलं नाही तर त्या ओळीला अर्थ नाही.

तापमानाच्या जोडीनं भाव बघा. मोरबीत भट्टी चालते गॅसवर किंवा प्रोपेनवर. स्प्रे ड्रायरची गरम हवा मात्र बहुतेक ठिकाणी कोळसा किंवा लिग्नाइट जाळून करतात. उष्णतेच्या हिशेबानं गॅस कोळशापेक्षा बराच महाग पडतो. म्हणजे भट्टीची वाया जाणारी हवा स्प्रे ड्रायरकडे नेली तर वाचतो स्वस्त कोळसा. तीच हवा भट्टीच्या बर्नरला जळणाची हवा म्हणून दिली तर वाचतो महाग गॅस. सल्लागार मंडळी पहिला उपाय सुचवतात, कारण स्प्रे ड्रायरचा खप डोळ्यात भरतो. मालक ऐकून घेतो, चहा पाजतो, आणि काही करत नाही. त्याचा हिशेब सल्लागारापेक्षा बरोबर असतो.

दुसरा उपाय मात्र मोलाचा आहे. जळणाच्या हवेचं तापमान शंभर अंशांनी वाढवलं की ढोबळ मानानं पाच टक्के गॅस वाचतो. स्पेनमध्ये कास्तेयोन इथल्या सिरॅमिक तंत्रज्ञान संस्थेनं थंड होण्याच्या भागातली हवा बर्नरकडे वळवून हे चालत्या कारखान्यात तपासलं आणि २०१४ मध्ये छापलं. करायला सोपं वाटतं, पण कामात मेख आहे. दोनशे अंशांची हवा खोलीच्या हवेपेक्षा दीडपट फुगलेली असते. तोच पंखा, तीच झडप, पण आत जाणारा प्राणवायू कमी. झडपा नव्यानं बसवल्या नाहीत तर जळण अपुरं होतं. टाइलच्या पोटात मातीतला सेंद्रिय अंश न जळता राहतो, आणि टाइल मोडून पाहिली तर मध्ये काळा पट्टा दिसतो. त्याला ब्लॅक कोअर म्हणतात. असा माल एक दिवस निघाला की वर्षभराची गॅसबचत त्यात जाते, आणि फोरमन तो नळ कायमचा बंद करून टाकतो.

थंड करण्यातही हात राखून ओढावं लागतं. टाइल सर्वोच्च तापमानावरून सहाशेपर्यंत झपाट्यानं खाली आणतात, मग हात आखडतात. कारण ५७३ अंशाला गारगोटीच्या स्फटिकाची रचना बदलते आणि तो एकदम आकसतो. तिथे थंड हवेचा झोत जोरात लागला तर टाइल तडकते, कधी इतकी बारीक की डोळ्याला दिसत नाही. बाहेर आलेल्या टाइलवर छोट्या हातोडीनं टिचकी मारून पाहतात. चांगली खणखणते, तडकलेली बद्द बोलते. उष्णता जास्त मिळावी म्हणून थंडाव्याची हवा वाढवणाऱ्याला हा बद्द आवाज ऐकावा लागतो. कुंभाराच्या दारात मडकं वाजवून घेणाऱ्या बाईला ही परीक्षा नवी वाटणार नाही.

कास्तेयोनचंच आणखी एक उदाहरण देतो, कारण तिथे तापमान आणि गरज यांची जोडी नेमकी जमली. त्यांनी स्प्रे ड्रायरशेजारी गॅस टर्बाइन बसवली. टर्बाइननं वीज करायची, आणि तिच्या शेपटातून निघणारा पाचशे अंशांचा वायू सरळ स्प्रे ड्रायरमध्ये. मध्ये कुठलं यंत्र नाही, नळ्या नाहीत. स्प्रे ड्रायरला पाचशेच हवे होते. मोरबीत हे रुजलं नाही, आणि जोवर शेजारी लिग्नाइट जाळता येतो तोवर रुजेल असं मला वाटत नाही.

आता त्या नऊ टँकरांकडे परत येऊ. एवढं पाणी धुराड्यातून वर जातं, ते धरता येणार नाही का? इटलीत मोडेना-रेज्जो एमिलिया विद्यापीठाच्या समन्वयानं ‘आय-वेज’ नावाचा युरोपीय प्रकल्प झाला, त्यात दमट धुरातून पाणी आणि उष्णता दोन्ही काढायचा प्रयत्न टाइलच्या कारखान्यातही होता. कल्पना योग्य आहे. ती सौराष्ट्रात आणली तर काय होईल, ते पाहू.

स्प्रे ड्रायरच्या धुराड्यातली हवा शंभर अंशांच्या आसपास असते. पण तिच्यातलं पाणी लगेच सुटत नाही. हवेच्या किलोमागे शंभर ग्रॅम वाफ असेल तर दव धरायला ती ५३ अंशांपर्यंत उतरवावी लागते. निम्मं पाणी हवं असेल तर त्याहूनही बरीच खाली. मे महिन्यात बाहेरची हवाच ४३ अंश असते. म्हणजे ज्या महिन्यात पाण्याची ओढ असते, त्याच महिन्यात ते धुरातून काढणं सगळ्यात अवघड. पौषात रात्री तेच काम आपसूक होईल, पण तेव्हा धरण भरलेलं असतं.

मग थंड पाणी फिरवून करू, असं कोणी म्हणेल. समजा निम्मं पाणी धरलं, रोज ४५ हजार लिटर. वाफेचं पाणी होताना तिनं घेतलेली उष्णता ती परत टाकते. हिशेब केला तर दिवसरात्र सव्वा मेगावॉट उष्णता येते, पन्नास अंशाच्या आतली. ती कुणाला द्यायची? कूलिंग टॉवरवर टाकली तर टॉवर ती पाणी उडवूनच बाहेर टाकतो, आणि जेवढं धरलं जवळजवळ तेवढंच तिथे उडतं. एका धुराड्यातून काढून दुसऱ्यातून सोडलं, आणि वर पंपांची वीज गेली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार. त्या उष्णतेनं स्लिप आधीच तापवली तर? चांगलं आहे, गरम स्लिप पातळही होते, तिला पाणी कमी लागतं. पण २० अंश तापवायला लागते त्या उष्णतेचा दहावा हिस्सा. बाकीच्या नऊ हिश्श्यांना गिऱ्हाईक नाही. युरोपात थंडीत आजूबाजूची घरं आणि हरितगृहं तापवता येतात. मोरबीत कोमट उष्णता फुकट दिली तरी कोण घेणार?

माझं म्हणणं धुरातलं पाणी सोडून द्या असं नाही. दहावा हिस्सा स्लिपला देऊन रोज चार हजार लिटर धरता येतात. त्यात आलेली माती पुन्हा मिलमध्ये गेली तर उपयोगीच पडते. पण बाकीचं धरायच्या आधी ते घालूच नये, हा उपाय त्या कळकट टेबलावर कधीचा उपलब्ध आहे.

पाण्याच्या दुसऱ्या कहाणीनं मोरबीचं नाव देशभर खराब केलं, तिचा उल्लेख टाळता येणार नाही. गॅस महाग पडतो म्हणून अनेक वर्षं शेकडो कारखान्यांनी कोळशाचे गॅसिफायर बसवले होते. कोळसा अर्धवट जाळून, त्यावर वाफ सोडून, जळणारा वायू करायचा. तो वायू थंड करताना, धुताना जे पाणी निघतं त्यात डांबर आणि फिनॉल. काळं, उग्र वासाचं. ते नाल्यात, रस्त्याकडेला, ओसाड जागी सोडलं जायचं. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं मोरबीतले हे गॅसिफायर बंद करायला लावले आणि भरपाईही लावली. एका आदेशासरशी सगळं गाव नळाच्या गॅसवर आलं. पुढे २०२२ मध्ये गॅसचे भाव चढले तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महिनाभर कारखाने मालकांनी आपणहून बंद ठेवले, आणि नंतर बरेच जण प्रोपेनकडे वळले. गॅसिफायरवरच्या बंदीच्या वेळी उद्योग मरेल अशी ओरड झाली होती. तो मेला नाही. उलट इंधनाचा भाव खरा दिसू लागला तेव्हाच भट्टीच्या गरम हवेचे नळ नीट गुंडाळायची बुद्धी अनेकांना झाली, असं माझं निरीक्षण आहे. स्वस्त डांबरी गॅसच्या काळात मी जे कारखाने पाहिले, तिथे तो नळ फाटका होता आणि कुणालाच त्याची खंत नव्हती.

कारखान्यात वाहतं पाणीही असतं, आणि ते बहुतेक जण परत वापरतात, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ग्लेझच्या रांगा धुतलेलं पाणी हौदात निवतं, खालचा गाळ फिल्टर प्रेसमध्ये पिळतात, पाणी आणि गाळ दोन्ही बॉल मिलमध्ये जातात. मिल तशी सर्वभक्षी. तिला रंग चालतात, माती चालते. फक्त विरघळलेले क्षार चालत नाहीत. पाणी फिरत राहिलं की क्षार वाढत जातात, स्लिप दाटते, आणि रात्रपाळीचा माणूस पाइप सोडतो. पाण्याचा थेंबही बाहेर सोडत नाही अशी पाटी फाटकावर असते आणि ती खरीही असते. पण सोडत नाही म्हणजे उडवतो. गेट सोडून धुराडं पाहिलं तर सगळं पाणी तिथूनच चाललेलं असतं.

विट्रिफाइड टाइलच्या पॉलिशिंगचा गाळ मात्र मिललाही पचत नाही. आरशासारखी चकाकी आणायला सिलिकॉन कार्बाइडचे घासणारे दगड पाण्याच्या धारेखाली टाइलवर फिरतात. पाणी निवळून परत घेता येतं. गाळात मात्र त्या दगडांची झीज येते. तो गाळ टाइलच्या मातीत थोड्याहून जास्त मिसळला तर भट्टीत सिलिकॉन कार्बाइड फुटतं, त्यातून वायू सुटतो, आणि वितळायला आलेल्या मातीत बुडबुडे धरून टाइल फुगते. म्हणून तो गाळ ढिगानं पडून राहतो. मुद्दाम फुगवून त्याच्या हलक्या विटा करता येतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण हलक्या विटेला गिऱ्हाईक शहरात आणि गाळ मोरबीत, आणि वाहतूक परवडत नाही. चकाकीची ही हौस आपलीच. मॅट टाइल घेतली तर हा गाळच होत नाही. पण दुकानात दिव्याखाली चमकते ती टाइल आधी उचलली जाते.

शेवटी पुढचं. एक रस्ता सुक्या दळणाचा आहे. माती कोरडीच दळायची, तिला दहा-बारा टक्के पाणी लावून दाणा करायचा आणि जरासा वाळवायचा. पाणी तीन-चतुर्थांशानं कमी होतं, असा हे तंत्र विकणाऱ्यांचा दावा आहे, आणि मघाच्या आपल्या आकडेमोडीशी तो जुळतो. लाल मातीच्या भिंतीच्या टाइलला ते जमतं. चार खाणींची पांढरी माती एकजीव करायची असते तिथे दाण्याचा ओघ आणि रंग अजून त्रास देतात. मला विचाराल तर मोरबीनं भिंतीच्या टाइलपासून सुरुवात करावी. तिला चकाकीही ग्लेझमुळे येते, अंगातल्या मातीमुळे नाही.

दुसरा रस्ता विजेच्या भट्टीचा. वीज सूर्यापासून आली तर धूर नाही, फ्लोरिन वाहून नेणारा जळलेला वायू नाही. पण मग जळणाची हवाच लागत नाही, म्हणून तापलेली हवा बर्नरला द्यायची सोय संपते. निवणाऱ्या टाइलवरची हवा तेवढी उरते, ती ड्रायरला पुरेल. स्प्रे ड्रायर मात्र उघडा पडतो: त्याचे नऊ टँकर उडवायला वीज लागेल, आणि ती कोळशासारखी स्वस्त नसेल. आज जो मालक भट्टीच्या उष्णतेवर दहा-पंधरा वर्षं चालतील अशी यंत्रं बसवतो आहे, त्यानं ती बसवण्याआधी हे मांडून पाहावं. लिटरच्या भांड्याला मात्र भट्टी कशावर चालते याचं देणंघेणं नाही. १७२० ग्रॅम तेव्हाही १७२०च राहतील.